फार्सी, फ्रेंच, जर्मन : निवड कुणाची?

जून महिना जवळ आला की ओळखीच्या, बिनओळखीच्या घरांतून एकच प्रश्न माझ्याकडे येतो. "मॅडम, आठवीला फ्रेंच घ्यावं की जर्मन? की आपलं संस्कृतच बरं?" पुण्यात आधी शाळेत आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात मिळून मी सव्वीस वर्षे जर्मन शिकवली, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्यामागून येणारा दुसरा प्रश्नही पाठ आहे : "मार्क कशात जास्त पडतात?" भाषा मुलाने शिकायची, पण निवडताना मूल बहुधा शेजारच्या खोलीत असते.

ही पद्धत आजची नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या मॅट्रिकसाठी इंग्रजीच्या जोडीने आणखी एक भाषा घ्यावी लागे, आणि संस्कृत, फार्सी, लॅटिन, फ्रेंच अशा नावांतून ती ठरे. कोणत्या मुलाने काय घेतले, यावरून त्याच्या घराची, जातीची आणि बापाच्या स्वप्नांची बरीच माहिती मिळते. दोन मुलांची उदाहरणे मला नेहमी शेजारी-शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

पहिला मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला. त्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, आणि भीमराव आंबेडकरांना फार्सी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, पुढे पदवीलाही फार्सी आणि इंग्रजी हेच विषय होते. दुसरा मुलगा बडोद्याचा, विनायक नरहर भावे, वयाने चार वर्षांनी धाकटा. संस्कृत त्याला जन्माने मोकळे होते, पण वडील आधुनिक वळणाचे. त्यांच्या इच्छेने त्याने शाळेत फ्रेंच घेतले. आईला ते रुचले नाही. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये का, असे तिचे म्हणणे होते. एकाला हवी असलेली भाषा मिळाली नाही आणि दुसऱ्याला मिळत असलेली वडिलांना नको होती. दोघांच्याही वाट्याला शाळेत परकी भाषाच आली.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. विनोबा १९१६ साली घर सोडून काशीला गेले, नंतर गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ संस्कृत शिकले. शाळेत सुटलेली भाषा त्यांना विशीत, उत्तम गुरूकडे, सहज मिळाली. आईला मूळ गीता कळत नसे, तिच्यासारख्यांसाठी त्यांनी 'गीताई' केली. आंबेडकरांनीही पुढे स्वतःच्या धडपडीने संस्कृत अभ्यासले. पण १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ इंग्रजीतून प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांना एक खुलासा करावा लागला. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे ते मान्य करतात, आणि संस्कृतातले बहुतेक साहित्य इंग्रजीत उपलब्ध असल्याने या विषयावर लिहिण्यास ती उणीव आड येण्याचे कारण नाही, असे बजावतात. मॅट्रिकनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या पदरी असलेल्या माणसाला शाळेतल्या एका विषयाबद्दल हे लिहावे लागले. विषयनिवडीचा अर्ज ही किरकोळ बाब आहे असे कुणी म्हणाले की मला ही प्रस्तावना आठवते.

फार्सी मात्र यात उगीचच दुय्यम ठरते. 'चिटणीस', 'फडणीस', 'अर्ज', 'जमीन' हे शब्द वापरणाऱ्या आपल्याला ती परकी म्हणताना जरा जपावे. माधव जूलियन फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत, आणि त्यांचा 'फार्सी-मराठी कोश' १९२५ साली निघाला. ते फार्सीत मुरले नसते तर मराठी गझलेची सुरुवात कशी झाली असती, सांगता येत नाही. ग. ह. खरे यांनी फार्सी कागद वाचले म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू दिसली, आणि गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे उलगडली म्हणून तिसरी.

आता जातीची जागा टक्क्यांनी घेतली आहे. (संपूर्ण घेतली, असे मी म्हणणार नाही.) अकरावीला मराठी माध्यमातून आलेली मुलेसुद्धा मराठी सोडून जर्मन, फ्रेंच किंवा माहिती तंत्रज्ञान घेतात, कारण ते 'स्कोअरिंग'. हे खोटे नाही. परकीय भाषेची प्रश्नपत्रिका ठरीव साच्याची असते. गाळलेल्या जागा, रूपे, छोटा उतारा, पाठ करून जाता येईल असे पत्र. मराठीच्या पेपरात मुलाला स्वतःचे काहीतरी म्हणावे लागते, आणि तिथे गुण कापले जातात. याचा परिणाम मी वर्गात पाहिला आहे : शंभरापैकी शहाण्णव गुणांची मुलगी पुण्यात आलेल्या जर्मन पाहुण्याला स्टेशनचा रस्ता सांगू शकत नाही.

कधी निवड सरकारही करते. २०१४ च्या ऑक्टोबरात, वर्ष निम्मे सरल्यावर, केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चाललेली जर्मन बंद करून तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. सहावी ते आठवीतली सुमारे ७०,००० मुले त्यात सापडली. जर्मनप्रेमी आणि संस्कृतप्रेमी दोघेही तावातावाने बोलले, मुलांना मात्र कुणी विचारल्याचे आठवत नाही.

मग भाषेकडे पाहून निवडायचे झाले तर? इथे मराठी मुलाच्या हाती काही आयते भांडवल आहे, आणि ते शिक्षकही सांगत नाहीत. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, म्हणून हिंदी किंवा फ्रेंच भाषकाला घाम फुटतो. आपल्याला नपुंसकलिंग जन्मापासून ठाऊक. मुलगी या अर्थाचा 'मेड्शेन' हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी, हे ऐकून वर्ग हसतो, मग मी विचारते, "आणि आपलं 'ते पोरगं', 'ते कार्टं'?" त्यावर सगळे गप्प. दुसरी गोष्ट उच्चाराची. 'चाक', 'चमचा' यांतला दंत्य 'च' हिंदीत नाही, पण जर्मन 'त्साइट', म्हणजे वेळ, आणि जपानी 'त्सुनामी' यांच्या आरंभी नेमका तोच आहे. जपानीची वाक्यरचनाही आपल्यासारखी : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'तोक्योला' म्हणताना आपण नामाला 'ला' जोडतो, तसा जपानी माणूस मागून 'नि' लावतो, 'तोक्योहून'ला 'कारा'. बोलायला म्हणूनच ती आपल्याला वाटते त्याहून जवळची. लिहायला नव्हे. तिथल्या नित्य वापराच्या चित्रलिपीची अधिकृत यादीच २,१३६ चिन्हांची आहे. फ्रेंचमध्ये अडचण उलटी. जे लिहिले ते वाचायचे, ही देवनागरीची सवय तिथे पावलोपावली फसते, कारण शब्दाच्या शेवटची अर्धी अक्षरे नुसती शोभेला बसलेली.

तासांचा हिशेब मात्र कोणत्याही भाषेला लागू आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरते प्रावीण्य यायला फ्रेंचसाठी साधारण ६०० ते ७५० तास, जर्मनसाठी ९०० आणि जपानीसाठी २,२०० तास धरते. आपल्याकडे आठवड्याला चार तासिका, प्रत्येकी पस्तीस मिनिटांची, वर्षाला तीसेक आठवडे. आठवी ते दहावी मिळून होतात २१०. म्हणजे कोणतीही भाषा घेतली तरी शाळा तिच्या उंबऱ्यापर्यंतच नेते.

म्हणून आता पालक आले की मी फ्रेंच की जर्मन यात पडत नाही. दोनशे अकरावा तास कुठे होणार आहे, ते विचारते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, आलियाँस फ्रांसेज आहे. नांदेडला किंवा मालेगावला उत्तर वेगळे येईल. तिथे जर्मनचा शिक्षक शोधत बसण्यापेक्षा शेजारच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना गाठणे सोपे. त्यांची लिपी फार्सीचीच आहे, शब्द निम्मे ओळखीचे निघतील, आणि मराठ्यांच्या काळातले फार्सी कागद अजूनही वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. यंदा एका आईला मी हे सुचवले. ती हसली, आणि म्हणाली, "मॅडम, पण त्यात मार्क किती पडतात?" मुलगा शेजारीच उभा होता. त्याने विचारले, "लिपी उजवीकडून लिहितात ना?"