दारात जाऊन वाडा मागताना

पेठेतला जुना वाडा घ्यायचा तर हल्ली अनेक व्यापारी दलालाच्या वाटेला जात नाहीत. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढायची, मालकाचे नाव पाहायचे आणि सरळ त्याच्या दाराशी जायचे. यात गैर काही नाही. दलाली वाचते, बोलणे समोरासमोर होते. मात्र मध्ये कोणी नसले की वाड्याची खरी किंमत घेणाऱ्यालाच ठाऊक असते, देणाऱ्याला बहुधा नसते. तुळया वाकलेल्या, कौले फुटलेली, माडी कायमची बंद. एकट्या राहणाऱ्या वृद्ध मालकिणीला तो सारा भार वाटतो. व्यापारी भिंतींकडे पाहतच नाही. तो खालची जमीन आणि तिच्यावर मिळणारे चटईक्षेत्र मोजतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक न्यासापहार. ठेव ठेवणारा रक्कम विसरला, त्याने कमी मागितली आणि सांभाळणारा ‘हो, तेवढीच होती’ म्हणाला, तर त्याच्या व्रताला दोष लागतो. वाडा ही ठेव नव्हे, हे खरे. तरी मालकिणीने अजाणतेपणी कमी आकडा सांगावा आणि आपण मान डोलवावी, यात आणि त्यात अंतर किती? युक्तिवाद करणाऱ्याला ते नेहमीच सापडते.

म्हणून पहिल्या भेटीत आकडा बोलूच नये. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता सर्वांना खुला आहे. त्यातला त्या भागाचा दर छापून मालकाच्या हाती द्यावा, बाजारभाव त्याहून निराळा असू शकतो हेही सांगावे. “वकिलाला दाखवा, मुलांना विचारा,” असे म्हणून उठावे.

अशाने सौदा हातचा जाईल, ही भीती खोटी नाही. कधी जातोही. पण घाईने केलेली खरेदी न्यायालयात वर्षानुवर्षे अडकते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. सासरी गेलेल्या बहिणींना न विचारता केलेले खरेदीखत म्हणजे उद्याचा दावाच. भाडेकरूंचेही तसेच. इमारत पडली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा विसार देण्याआधी खालच्या खोलीतल्या शिंप्यालाही बोलणीत बसवावे, आणि त्याला किती व कधी द्यायचे ते कागदावरच लिहावे.