गिरणीचे फाटक आणि मिरवणूक: मिचेल व केन्यन यांच्या चित्रफिती

उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावात सॅगर मिचेल आणि जेम्स केन्यन या दोघांनी १८९७ मध्ये भागीदारीत चित्रपटनिर्मितीचा धंदा सुरू केला, आणि १९१३ पर्यंत आसपासच्या गावांतील गिरण्या, बाजार, ट्रामगाड्या, फुटबॉलचे सामने आणि मिरवणुका त्यांनी चित्रित केल्या. मिचेल हा छायाचित्रणाच्या साहित्याचा विक्रेता होता, तर केन्यनचा व्यवसाय लाकडी सामानाचा. इतिहासासाठी काही जतन करून ठेवावे, असा दोघांचाही उद्देश नव्हता. तरीही एडवर्डकालीन, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, कष्टकरी इंग्लंडचे इतके विपुल चलत्चित्रण दुसऱ्या कोणत्याही संग्रहात क्वचितच सापडेल.

या विपुलतेचे मूळ धंद्याच्या रीतीत आहे. सुरुवातीच्या वर्षांत कायमची चित्रपटगृहे नव्हती. जत्रेतल्या तंबूत किंवा भाड्याने घेतलेल्या सभागृहात खेळ लावणारे फिरते प्रदर्शक मिचेल-केन्यन यांना चित्रणाचे काम देत, आणि सकाळी गिरणीच्या फाटकाशी टिपलेली गर्दी त्याच दिवशी किंवा चार-दोन दिवसांत पडद्यावर दाखवत, ‘या आणि स्वतःला पाहा’ अशी जाहिरात करून. जितके चेहरे जास्त तितकी तिकीटविक्री जास्त, हे साधे गणित असल्याने कॅमेरा अशा जागी मांडला जाई की संपूर्ण जमाव त्याच्या पुढून जावा; कित्येक चित्रफितींत प्रदर्शक स्वतः चौकटीत शिरून रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकताना दिसतो, आणि एकदा पुढे गेलेली पोरे वळसा घालून पुन्हा कॅमेऱ्यासमोर येतात.

मिरवणुकांचे चित्रण या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरले. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटसन या ख्रिस्ती सणाला मँचेस्टर आणि भोवतालच्या गावांतून रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळांची मुले पांढऱ्या पोशाखात रस्त्यावरून चालत. दोन उंच काठ्यांमध्ये ताणलेले रंगवलेले मोठे निशाण पुरुष पेलत असत आणि वाऱ्याने ते उलटू नये म्हणून त्याच्या दोऱ्या चहूबाजूंनी धरलेल्या असत. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या ‘बँड ऑफ होप’ या बालसंघटनेची मँचेस्टरमधील १९०१ ची मिरवणूकही याच संग्रहात आहे. आयोजकांना आपली शिस्त आणि संख्या दाखवायची असे. कॅमेऱ्याने मात्र त्याबरोबरच पदपथावरची माणसे टिपली: शालीत गुंडाळलेल्या बायका, लाकडी तळव्यांचे बूट घातलेले कामगार, टोपी हवेत उडवणारी मुले. गिरणी सुटतानाच्या चित्रफितींत तर अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा करणारी मुले मोठ्यांच्या बरोबरीने बाहेर पडताना दिसतात. बालमजुरीवरील सरकारी अहवालांत जे आकड्यांत वाचायला मिळते त्याला इथे चाल आहे, उंची आहे, आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर आहे.

याच सुमारास मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली आणि केंब्रिजला गणितात पहिले येऊन डिसेंबर १९०१ मध्ये परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताला जमलेला लोकसमुदाय चित्रित केला. आपल्या गावातील घटना आपल्याच लोकांना दाखवण्याची ही दृष्टी ब्लॅकबर्नकरांच्या दृष्टीशी अगदी जुळणारी होती. सावे दादांच्या त्या चित्रफिती आज उपलब्ध नाहीत, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची खरोखर मोठी हानी आहे.

ब्लॅकबर्नचा ठेवा वाचला तो योगायोगाने. प्रदर्शकांकडे गेलेल्या प्रती वापरून झिजल्या आणि नाहीशा झाल्या, पण ज्यांवरून प्रती काढल्या जात त्या मूळ निगेटिव्ह संस्थेच्या जुन्या दुकानाच्या तळघरात धातूच्या तीन पिंपांत राहिल्या, आणि १९९४ मध्ये इमारतीत काम करणाऱ्या मजुरांना सापडल्या. ८०० हून अधिक गुंडाळ्या स्थानिक संशोधक पीटर वर्डन यांनी सांभाळल्या आणि २००० मध्ये त्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे गेल्या. ज्वालाग्राही असणारी आणि काळाबरोबर आपोआप विघटन पावणारी ही नायट्रेट फिल्म आकुंचन पावलेली असल्याने तिची प्रत काढणे अत्यंत जिकिरीचे होते. अखेर सुमारे २८ तासांचे चित्रण हाती आले.

शेफील्ड विद्यापीठातील राष्ट्रीय जत्रा-अभिलेखागाराने यापुढचे काम व्हेनेसा टूलमिन यांच्या नेतृत्वाखाली केले. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची जाहिरातपत्रके आणि निशाणांवरची अक्षरे वाचून गाव ठरवायचे, मग स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत त्या मिरवणुकीची किंवा खेळाची तारीख शोधायची, अशी ही पद्धत होती. नगराध्यक्ष आणि गिरणीमालक यांची नावे वृत्तपत्रांतून मिळू शकतात. निशाणाची दोरी धरून चालणाऱ्या मुलींची नावे छापण्याची तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती, त्यामुळे तो शोध घराघरांतल्या छायाचित्रांवर आणि वंशजांच्या स्मरणावरच अवलंबून आहे.