कर्ज फेडताना ताटाला कात्री नको



आरोग्याच्या पानावर कर्जफेडीचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. आम्ही नर्स म्हणून दवाखान्यात उभे राहत होतो तेव्हापासून पाहत आलो आहोत की, घरावर कर्ज झाले की त्याची पहिली खूण त्या घरातल्या बाईच्या डोळ्यांत दिसते. खालची पापणी जरा ओढून पाहिली की आतली कड पांढरी फटक पडलेली असते. विचारले तर ती म्हणते, "सध्या जरा काटकसर चालू आहे."

ही काटकसर कुठे करावी आणि कुठे अजिबात करू नये, एवढेच आज लिहायचे आहे. लिहितो आहोत ते वांगणीवरून. बदलापूरच्या पुढचे रेल्वे स्टेशन ते हे नव्हे. हे वांगणी जव्हार तालुक्यातले, वावरच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते ते. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने आणि साध्या साध्या आजारांनी शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरचे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. पुढे १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. रस्ते झाले, अंगणवाड्या झाल्या. कर्जाचे चक्र मात्र जुन्याच वेळापत्रकाने फिरते.

ते वेळापत्रक असे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळीपर्यंत कापणी. दिवाळी सरली की मुकादम दारात येतो, हातावर उचल ठेवतो आणि अख्खे कुटुंब वीटभट्टीवर जाते, भिवंडीकडे, वसईकडे, कल्याणकडे. दर हजार विटांमागे मजुरी ठरते. आठवड्याला हातखर्चापुरती खर्ची मिळते आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. त्यात उचल वजा, खर्ची वजा, आजारपणात घेतलेले पैसे वजा. घरी परतताना काहींच्या हाती थोडेफार असते, काहींच्या डोक्यावर पुढच्या वर्षाची बाकी. आषाढ-श्रावणात कणगीतले धान्य संपते तेव्हा पुन्हा उसनवारी. पूर्वी याच पट्ट्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या वारली उठावात ती वेठ मोडली. त्या लढ्यातले श्यामराव परुळेकर हे १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले होते, हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे म्हणून सांगून ठेवतो.

आता काटकसरीकडे येऊ. कर्ज डोक्यावर असले की घर काय काय कमी करते, याचा क्रम आम्हाला तोंडपाठ झाला आहे. आधी डाळ पातळ होते. मग अंडे, सुकट बंद. मग बाई रात्रीची भाकरी मुलांना देऊन स्वतः कोरा चहा पिऊन झोपते. मग रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड. मग गरोदर सुनेची तपासणी, कारण तपासणीला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते. या सगळ्यातून महिन्याला चार-पाचशे रुपये वाचतात, हे खरे आहे. पण आईच्या अंगात रक्त नसले की बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते. त्याच्या मागे दवाखान्याच्या खेपा, गाडीभाडे, दोघांची बुडालेली मजुरी, आणि त्यासाठी नवी उचल. गोळी चुकवून अर्धांगवायू झालेला कर्ता माणूस भट्टीवर जाऊ शकत नाही, उचल मात्र तशीच राहते. म्हणून आमच्या बैठकीत पहिला नियम असा की, ताट आणि औषध यांना हात लावायचा नाही. बाकी सगळे बोला.

बाकी म्हणजे सर्वांत आधी व्याज. बायका तेल मोजून घालतात, काडीपेटीतल्या काड्या मोजतात, पण व्याज मोजत नाहीत. कारण ते "शेकडा दहा" अशा दोन शब्दांत सांगितले जाते. आम्ही ते फळ्यावर मांडतो. दहा हजार रुपये शेकडा दहाने घेतले, तर महिन्याचे व्याज एक हजार, वर्षाचे बारा हजार. आणि मूळचे दहा हजार जागच्या जागी. तेच दहा हजार बचत गटातून शेकडा दोनने घेतले, तर वर्षाचे व्याज चोवीसशे. फरक नऊ हजार सहाशेचा. वर्षभर तेलाचा थेंब न वापरताही एवढी बचत होत नाही. म्हणून गटात पैसे असतील तर ते नव्या वस्तूसाठी देण्याआधी कोणाचे तरी महागडे कर्ज स्वस्त कर्जात बदलण्यासाठी द्यावेत. एकदम सगळ्यांचे होत नाही. ज्या घरात गरोदर बाई किंवा कमी वजनाचे मूल आहे, त्या घराचा नंबर पहिला. यावरून बैठकीत भांडणेही झाली आहेत, पण हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. तेव्हा "सातबारा ठेव आणि पैसे ने" म्हणणाऱ्याला घाबरायचे कारण नाही.

आपल्या शहरी वस्त्यांत मुकादम नाही, तिथे आठवड्याचा हप्ता आहे. लघुवित्त कंपनीचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम माहीत हवेत. सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असे कर्ज देताना कंपनीने पाहायचे असते. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. हे शेवटचे लक्षात ठेवा, कारण चार पैसे जास्तीचे आले की आधी सर्वांत महागडे कर्ज कमी करायचे.

व्याजानंतर दुसरी गळती सुईची. ताप आला, अंग दुखले, की बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे जाऊन "बाटली" लावून घ्यायची, ही सवय जव्हार-मोखाड्यात आहे तशी मुंबईच्या चाळीतही आहे. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे जवळपास चहाचा एक चमचा. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. तिच्यातून मिळणारी ताकद एका लहानशा भाकरीएवढी. ज्याला तोंडाने पाणी जाते, पोटात टिकते, लघवी नीट होते, त्याला केवळ अशक्तपणासाठी बाटलीची गरज नाही. जुलाब झाले तर आशाताईकडे क्षारसंजीवनीची पुडी फुकट मिळते, मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही मिळतात. त्या चौदा दिवस द्यायच्या. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरेना, तर मात्र घरगुती उपाय करत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा.

सापाच्या बाबतीतही तेच. पावसाळ्यात साप चावला की आधी भगताकडे, मग खाजगीत, मग सरकारीत, या फेऱ्यांत पैसाही जातो आणि वेळही. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे थेट जायचे. जाण्याआधी फोन करून लस आहे का विचारून घ्यावे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व मोफत आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधे, ने-आण हे सर्व जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासूनच मोफत आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. अनेक सासवा म्हणतात, "फुकटचे खायला कशाला जायचे?" आम्ही त्यांना सांगतो, मावशी, काडीपेटी घेतानाही तुम्ही सरकारला कर भरता, ते जेवण तुमच्याच पैशाचे आहे. आणि ते सुनेनेच खायचे, डब्यात घालून घरी आणायचे नाही. डबा घरी आला की तो दादल्याच्या आणि मुलांच्या ताटात जातो, हे आम्ही कितीदा पाहिले.

तिसरी गळती पाच-दहा रुपयांची. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे म्हणजे दिवसाला दहा, वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास. कर्त्याची तंबाखू-पुडी दिवसाला दहा धरली तर तेवढेच आणखी. दोन्ही मिळून सात हजार तीनशे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो टपरीवर मिळतो, यावर वेगळा लेख लिहावा लागेल. बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे, ती भूक मारते, आणि म्हणूनच तंगीच्या दिवसांत ती वाढते. पाकिटाच्या पैशांत मुलाला अंडे, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा देता येतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळी, नदीचे खेकडे आहेतच. शेवग्याचा पाला तर परसात असतो. रानभाजी हे गरिबीचे खाणे म्हणून लाजायचे दिवस गेले, शहरात तिची प्रदर्शने भरतात.

तेल, साबण, चहापत्ती पुडीने घेणे सर्वांत महाग पडते. पण एका घराकडे एकदम किलोचे पैसे नसतात, म्हणून "एकदम घ्या" असा उपदेश करून उपयोग नाही. पाच-सहा घरांनी मिळून जव्हारच्या बाजारातून डबा आणून घरी मोजून वाटला तर जमते. त्यात वाद होतो तो मापाचा. म्हणून माप एकच ठेवायचे, तेही गटाच्या पेटीत. लग्नाचेही तसेच. मंडप, बँड, गाड्या यांपायी उचल वाढवण्यापेक्षा सामुदायिक विवाह. आपल्या बौद्ध समाजात साध्या लग्नाची परंपरा असूनही हल्ली हॉल आणि डीजेवर कर्ज काढले जाते. ते पाहिले की वांगणीच्या लोकांना सांगायला तोंड राहत नाही.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख, कोणाचे काही देणे नसण्याचे सुख. आणि कोलियांच्या दीघजाणूला सांगितले ते समजीवितेबद्दल. मिळकत बघून खर्च, उधळपट्टीही नाही आणि पोट मारणेही नाही. ऐपत असून उपाशीपणाने जगणाऱ्यालाही त्यांनी दोषच दिला आहे. कर्ज फेडण्याच्या नावाखाली घरातल्या बाईला अर्धपोटी ठेवणाऱ्यांनी अंगुत्तर निकायातला हा भाग वाचावा.

उचलीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे, घेतलेल्या पैशांपोटी माणसाला काम सोडून जाऊ न देणे, दुसरीकडे काम करू न देणे ही वेठबिगारी ठरते आणि ते कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. श्रमजीवी संघटना १९८२ पासून या जिल्ह्यात हेच काम करते आहे. काटकसरीने फिटणारे कर्ज वेगळे, आणि कधीच फिटू नये म्हणून दिलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात बाईने डाळ पातळ करून काही साधत नाही.

दिवाळीआधीच्या बैठकीत आम्ही प्रत्येक घराची प्लास्टिकची पिशवी तपासतो. त्यात रेशनकार्ड हवे, कारण भट्टीजवळच्या दुकानातही त्यावर धान्य मिळते. माता-बाल संरक्षण कार्ड हवे, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत नाव घालता येते आणि बाळाची लस चुकत नाही. रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी आरोग्य केंद्रातून निदान महिन्याच्या गोळ्या आणि चिठ्ठी घ्यायची. आणि एक चाळीस पानी वही. डाव्या पानावर रोज पाडलेल्या विटा, उजव्या पानावर घेतलेली खर्ची. लिहिता येत नसेल तर हजाराला एक उभी रेघ, शंभर रुपयांना एक टिंब. दर आठवड्याला खर्ची घेताना ती वही मुकादमासमोर उघडायची आणि त्याची सही घ्यायची. मुलगी पाचवी-सहावीत असेल तर वही तिच्याकडे द्या. मात्र तिला त्यासाठी भट्टीवर नेऊ नका, ती गावातल्या आश्रमशाळेत राहू द्या. सुट्टीत भेटायला आली की बेरीज तपासून देईल.