गल्ल्यावरची दहा वर्षे

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला. दुसऱ्याच दिवशी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. सलगच्या दुष्काळाने मांजरा धरण आटलं होतं आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. शेतकऱ्याच्या हाती पैसा नव्हता, त्यामुळे मोंढ्यात आवक नव्हती आणि गावोगावच्या किराणा दुकानांत येणे बाकीची पानं वाढत चालली होती. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या नव्या सोयीकडे लक्ष द्यायला तेव्हा इथे फुरसत कुणाला होती?

पण पुढच्या दहा वर्षांत नांदेड-लातूरच्या छोट्या दुकानदाराचं आपल्या गिऱ्हाइकाशी असलेलं नातं या सोयीने बदललं. त्या बदलाचा हा मागोवा. माझं म्हणणं आधीच सांगतो. गिऱ्हाइकाची माहिती दुकानदाराकडे पूर्वीही होती. या दहा वर्षांत ती कितीतरी पटींनी वाढली, मात्र तिच्यावरचा त्याचा ताबा सुटत गेला. धंदा वाढायचा असेल तर ही माहिती वाचण्याची ताकद पुन्हा गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हाती यायला हवी.

वहीत होतं ते आणि नव्हतं ते

लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात आणि एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार आहे: सोनं-चांदी, चपला, मिरची, गूळ. नांदेडला तसाच वजिराबाद आणि मोंढा. निजामाच्या काळात इथला व्यापारी हाली आणि कलदार अशा दोन नाण्यांचा हिशोब ठेवायचा. राज्य बदललं, नाणी बदलली. रोजकीर्द, खतावणी आणि लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा मात्र चालत राहिली.

वहीत नाव, रक्कम, तारीख एवढंच असे. खरी माहिती दुकानदाराच्या डोक्यात असे. कुणाची किती बॅग सोयाबीन होईल, कुणाकडे यंदा लग्न आहे, कोण ऊसतोडीहून कधी परतणार, कुणाचा मुलगा पुण्यात कामाला लागला. उधारी किती द्यायची आणि मागायची कधी, हे तो त्यावरून ठरवायचा. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला येतात, तुरीचे संक्रांतीच्या पुढेमागे, मग हरभऱ्याचे, आणि अर्धापूर भागात हळदीचे उन्हाळ्यात. वसुलीचं वेळापत्रक या सुगीवर बेतलेलं असे.

या पद्धतीच्या उणिवाही मान्य करायला हव्यात. ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या माणसाला उधारी मिळत नसे. त्या वर्तुळाच्या कडा जात, वस्ती आणि घराण्यावरून ठरत. स्वतःच्या हातच्या पापड-शेवयांवर घर चालवणारी बाई उत्तम धंदा करत असली तरी कुणाच्या वहीत तिची पत नसे. आणि दुकानदाराच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबरच जाई. १९७६ साली नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. बँक गावापर्यंत आली, पण कर्ज देताना तिला जमिनीचा सातबारा कळे, जामीनदार कळे. वहीतला व्यवहार तिच्या लेखी पुरावा नव्हता.

नोटबंदी आणि जीएसटी

२०१६ चा पावसाळा अखेर चांगला झाला. सोयाबीन बाजारात येऊ लागलं आणि त्याच सुमारास, ८ नोव्हेंबरला, पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मोंढ्यातला व्यवहार रोखीचा. आडत्याकडे द्यायला नोटा नाहीत, शेतकऱ्याकडे खर्चायला नाहीत, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही. या अडचणीतून अनेकांनी पहिल्यांदा मोबाइलवर पैसे घेतले. नोटा परत आल्या तेव्हा बरेच जण रोखीकडे वळले. सवय लागायला आणखी काही वर्षं जावी लागली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ठोक व्यापाऱ्याचं प्रत्येक बिल आता संगणकावर चढू लागलं. छोट्या दुकानदारांपैकी बहुतेक जण नोंदणीच्या मर्यादेखाली राहिले; मालाच्या व्यापारासाठी ही मर्यादा २०१९ मध्ये चाळीस लाखांपर्यंत वाढली. परिणामी ठोक व्यापाऱ्याचा हिशोब व्यवस्थित झाला आणि त्याच्याकडून माल उचलणाऱ्या किरकोळ दुकानदाराचा कच्च्या वहीतच राहिला. माहितीच्या दृष्टीने बाजारात दोन थर पडले, ते इथे.

टाळेबंदीनंतर

१ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेण्यावरचं व्यापाऱ्याचं शुल्क शून्य झालं. तीन महिन्यांत टाळेबंदी लागली. हात न लावता पैसे द्यायची गरज आणि फुकट मिळणारी सोय एकत्र आल्या, तेव्हा क्यूआरचा कागद खऱ्या अर्थाने गल्लोगल्ली पोहोचला. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या कडे-कंगव्याच्या दुकानात, क्लासेसच्या परिसरातल्या झेरॉक्सवाल्याकडे, देगलूर नाक्यावरच्या भाजीच्या गाड्यावर तो दिसू लागला. खाताबुक, ओके क्रेडिट यांसारखी उधारी लिहायची अॅप्स मराठीत मिळू लागली.

याच काळात, १ जून २०२० ला, पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. पहिल्यांदा दहा हजार, ते वेळेवर फेडले की वीस, मग पन्नास हजार. डिजिटल व्यवहार केले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतावा. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे पंधरा आणि पंचवीस हजारांचे झाले. रक्कम लहान आहे, पण विचार मोठा आहे: ज्याच्याकडे सातबारा नाही, जामीनदार नाही, त्याच्या रोजच्या व्यवहाराकडे आणि परतफेडीकडे बघून त्याला पुढचं कर्ज द्यायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये अकाउंट अॅग्रिगेटरची व्यवस्था सुरू झाली. तिच्यातून खातेदार स्वतःच्या संमतीने आपल्या खात्याचा तपशील कर्ज देणाऱ्याला दाखवू शकतो. ग्रामीण बँकेला जे चार दशकं वाचता येत नव्हतं, ते वाचण्याचा मार्ग निघाला. वर्तुळाबाहेरच्यांना पत मिळण्याची ही सुरुवात आहे आणि मला ती या दशकातली सर्वांत मोलाची कमाई वाटते.

आकडे काय सांगतात

मग धंदा वाढला का? ज्यांनी या माहितीचा वापर केला त्यांचा वाढला. पण वापर करणारे थोडे. कारण क्यूआर किती पैसे आले आणि केव्हा आले, एवढंच सांगतो. काय विकलं गेलं, हे त्यात नसतं. ते बिलाच्या मशीनमध्ये असतं, आणि मशीन असलं तरी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कुणी बघत नाही. गिऱ्हाईक का आलं आणि पुन्हा का आलं नाही, हे तर आजही दुकानदारालाच ठाऊक असतं.

लातूरमधल्या एखाद्या खानावळीचं उदाहरण घेऊ. लातूर पॅटर्नमुळे राज्यभरातून मुलं इथे शिकायला येतात. खानावळीचं गिऱ्हाईक जून-जुलैत भरतं आणि नीटची परीक्षा झाली की उन्हाळ्यात रिकामं होतं. मालकिणीने दोन वर्षांचे क्यूआरचे व्यवहार महिनावार मांडले, तर कुठल्या महिन्यात मुलं डबा सोडतात हे दिसेल. मग त्या मुलांना विचारता येईल: चव, वेळ की दर? तेल-तांदळाची खरेदी कधी वाढवायची, कामाला बाई कधी ठेवायची, कर्जाचा हप्ता कुठल्या महिन्यांत जड जाईल, सगळं त्या एका कागदावरून ठरवता येतं.

नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातलं गणित वेगळं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला पंजाबातून आलेला भाविक वर्षा-दोन वर्षांनी एकदा येतो. रोजच्या गिऱ्हाइकाचा हिशोब त्याला लावून उपयोग नाही. तिथे कामाचा ठरतो होला मोहल्ला आणि दसऱ्याचा मागच्या वर्षीचा खप, आणि गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेला पत्ता, ज्यावर पुढे माल पाठवता येईल.

उधारीच्या अॅपचंही तसंच. ते ठरल्या तारखेला आठवण पाठवतं. मासिक पगाराच्या माणसाला ते चालतं. मुखेड-कंधारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये तगाद्याचा संदेश गेला तर पैसे तर येत नाहीतच, माणूसही तुटतो. तीच आठवण सोयाबीनची पट्टी हाती पडल्यावर गेली तर बाकी चुकते. अॅपमध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याचं पीक लिहून ठेवणं, एवढ्या साध्या नोंदीने वसुली सुधारू शकते. बाहेर बसून अॅप बनवणाऱ्याला हे सुचणार नाही; इथल्या दुकानदाराला सांगावंही लागत नाही.

विश्वासाचे धक्के

माहिती दुसऱ्याच्या घरी ठेवण्याची जोखीमही या दशकाने दाखवली. झटपट कर्जाच्या अॅप्सनी लोकांच्या फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना धमकावलं. रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणावे लागले. २०२४ च्या जानेवारीअखेर रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा तिथे खातं असलेल्या दुकानदारांना १५ मार्चच्या आत पैसे जमा होण्यासाठी दुसरी बँक शोधावी लागली. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरात दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. मागच्या वसुलीबाबत तिथल्या सरकारने नंतर नमतं घेतलं, पण उदगीर-देगलूरच्या सीमेअलीकडचा दुकानदारही हे सगळं बघत होता.

गिऱ्हाइकाची माहिती दुकानदाराकडे असते, तिथेही हाच विश्वासाचा प्रश्न आहे. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, संमती घ्यायची, मागितलं तर पुसायची, हा त्याचा गाभा. कुणाची बाकी किती हे चारचौघांत बोलायचं नाही, ही मोंढ्यातली जुनी रीत. कायदा तीच रीत आता बंधनकारक करतो आहे.

पुढचं काम

यंत्रणा उभी राहिली. आता कमी आहे ती वाचून दाखवणाऱ्या माणसाची. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात आणि नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. वाणिज्य शाखेच्या एकेका विद्यार्थ्याने एकेका दुकानात, गाड्यावर, खानावळीत किंवा बचत गटात महिनाभर बसावं. क्यूआरचे व्यवहार, बिलं आणि उधारीची वही एका कागदावर मांडावी. मालकाने त्याला सुगीचं, सणांचं, गिऱ्हाइकांचं गणित शिकवावं. व्यापारी संघटनांनी दुकानं सुचवावीत, बँकांनी तो कागद कर्जाच्या अर्जासोबत गंभीरपणे बघावा. गिऱ्हाइकांची नावं-नंबर मात्र दुकानाबाहेर जाऊ नयेत.

याला नवं अॅप लागत नाही की मोठा निधी लागत नाही. नांदेड-लातूरच्या लाखो व्यवहारांतून मोठ्या कंपन्या रोज काहीतरी शिकत आहेत. ज्यांनी ते व्यवहार केले त्यांनाही त्यातून शिकता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत थांबण्याचं कारण नाही.