अंडी दिली, पुढे काय?

बंदिस्त टाक्यांत जन्मलेले 18 अ‍ॅक्सोलॉटल (जन्मभर पाण्यातच राहणारे सॅलमँडर) मेक्सिको सिटीच्या पाणथळींत सोडले, ते तगले आणि पुन्हा सापडलेल्यांचं तर वजनही वाढलेलं होतं, अशी बातमी 2025 मध्ये आली. ती वाचून घरच्या टाकीत दिसणारी अंडी म्हणजे या प्रजातीला आपला हातभार, असं वाटणं स्वाभाविक आहे. चेन्नईत तर हा मोह अधिकच. इथल्या कोळत्तूर भागात रंगीत माशांची पैदास हा पिढीजात होत आलेला धंदा आहे. अंडी, पिल्लं, विक्री ही साखळी तिथे सवयीची आहे. तरीही चेन्नईतल्या घरात अ‍ॅक्सोलॉटलची अंडी वाढू देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंडी मिळवणं मुळात अवघड नाहीच. नर टाकीच्या तळाशी वीर्याच्या चिकट कुप्या ठेवत जातो, मादी त्यांवरून सरकत त्या आत ओढून घेते आणि एक-दोन दिवसांत वनस्पतींच्या पानांवर एकेक अंडं चिकटवू लागते. एका विणीत शंभर ते हजार. पारदर्शक जेलीत मोहरीएवढा काळा मणी, काही दिवसांत तो लांबट होतो, मग त्याला शेपूट दिसू लागते. पाणी काही अंशांनी गार होणं हा विणीचा एक इशारा असतो. म्हणजे उन्हाळ्यात प्राणी वाचावा म्हणून लावलेला चिलरच त्याला विणीला लावू शकतो! खरी कसोटी दोन-तीन आठवड्यांनी, अंडी फुटल्यावर लागते. सेंटीमीटरभर लांबीची ती पिल्लं हलणारंच भक्ष्य खातात. रोज ताजा, जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) उबवून द्यावा लागतो. कमी पडला किंवा गर्दी झाली, की ती एकमेकांचे पाय तोडतात. पाणी हवं 16 ते 18 अंशांचं. 24 च्या वर त्यांची तब्येत ढासळते. अग्निनक्षत्राच्या, म्हणजे मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या दिवसांत, गच्चीवरच्या टाकीतून नळाला गरम पाणी येत असताना, तीनशे पिल्लांसाठी हे कोण सांभाळणार? आणि ती घेणाऱ्या तीनशे घरांत चिलर असेल का?

संवर्धनाचा मुद्दा उरतोच. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 मध्ये 36. पण जगभरच्या टाक्यांतली बहुतेक वंशावळ 1860 च्या दशकात पॅरिसला पोचलेल्या 34 प्राण्यांपर्यंत जाते. त्यात 1962 मध्ये टायगर सॅलमँडरचा संकर झाला. लाल डोळ्यांचे सोनेरी, पांढरे अल्बिनो त्यातूनच आले. ही मिसळ सोचिमिल्कोत सोडणं म्हणजे उरल्यासुरल्या मूळ रक्तात भेसळ करणं. तिथे कमतरता स्वच्छ पाण्याची आहे, अंड्यांची नव्हे.

स्थानिक पैदास झाली तर या प्राण्याची तस्करी घटेल, हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि काही अंशी मला तो पटतो. पण स्वस्त पिल्लांनी मागणीही वाढते, आणि वाढते ती गार पाण्याची सोय नसलेल्या घरांत. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर या प्राण्याची आणि त्याच्या पिल्लांचीही नोंद सरकारकडे करावी लागते; कागदाविना हातोहात दिलेलं पिल्लू घेणाऱ्यालाही अडचणीत आणतं. जास्तीच्या पिल्लांचं ओझं काय असतं, हे याच शहराजवळच्या मगर केंद्राने अनुभवलं आहे. 1976 मध्ये मगरी वाचवायला निघालेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत त्या इतक्या वाढल्या, की एक हजार मगरी जामनगरला पाठवायचं ठरलं आणि त्यावरून 2022 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. तिथे निदान तज्ज्ञ होते, जागा होती. घरात त्यापेक्षा सोपा मार्ग आहे: नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवणं. तरी अंडी दिसलीच, तर पहिल्या दोन दिवसांत, मणी अजून गोल असतानाच, पानांसकट काढून फ्रीजरमध्ये ठेवावीत.