दुखेल तितके गुणकारी?

नरडाण्याच्या शिवारात दिवसभर कपाशी वेचून कंबर धरलेली बाई असो, की पोती वाहून खांदा भरून आलेला हमाल असो, अंग दुखू लागले की पहिला उपाय ठरलेला : तेल लावून कुणाकडून तरी रगडून घ्यावे. ही रीत फार जुनी आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रोज अभ्यंग करावा असे सांगितले, आणि त्यातही डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितले. तेव्हा चोळण्याविरुद्ध बोलण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न एवढाच, की 'दुखल्याशिवाय गुण नाही' हा आपला समज खरा आहे काय?

या समजाची किंमत आम्हीही मोजली आहे. एकदा पाठीत उसण भरली, तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी कोपराने अशी रगडली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "दुखते आहे म्हणजे गाठ फुटते आहे," असे ते म्हणाले, आणि आम्ही दात-ओठ खाऊन पडून राहिलो. त्या रात्री बरे वाटले. दुसऱ्या दिवशी पाठ काळीनिळी झाली, आणि आठवडाभर कूस बदलणे जड गेले.

फुटले काय होते? गाठ नव्हे, तर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या. हाताला लागणारी 'गाठ' हा बहुधा स्नायूचा ताठरलेला भाग असतो. तो फोडावयाचा नसतो. मांडीवरचे व तळपायाचे चिवट आवरण शेकडा एक इतके दाबण्यासही माणसाच्या हाताचे बळ पुरत नाही, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या गणिताने दाखविले. श्रमाने साचलेले लॅक्टिक आम्ल रगडून काढावे लागते म्हणतात. पण ते सुमारे तासाभरात आपोआप निवळते.

मग आराम का वाटतो? मूल पडले की आई त्याचे कपाळ चोळते आणि रडे थांबते. स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूत पोचला की वेदनेच्या निरोपाची वाट काहीशी अडते, असा सिद्धांत मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला. तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले, पण मुख्य कल्पना टिकली. शिवाय एक तीव्र वेदना दुसरीला काही वेळ झाकून टाकते. आमची ती एक रात्र बहुधा अशीच गेली. तिसरी गोष्ट विश्वासाची. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, आणि श्रेय पायाळूला मिळते. धीर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु धीर म्हणजे निदान नव्हे.

दुखणे हा शरीराचा जागल्या आहे. ज्याच्या अंगावर दाब देतो, त्याला सहज बोलता यावे, श्वास रोखावा लागू नये, आणि त्याने 'पुरे' म्हणताच हात थांबावा. मधुमेहाने ज्याचे पाय बधिर झाले, त्याचा तर जागल्याच झोपलेला. तेथे हात हलकाच हवा. ताजी मुरगळ व सूज चोळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा फार दिवस अंथरुणावर पडल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती कुणालाही रगडू देऊ नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जातो. तेथे तेलाची वाटी बाजूस ठेवून तडक डॉक्टर गाठावा.

अभ्यंग सांगणाऱ्या वाग्भटानेच कफाचा विकार, अजीर्ण आणि शोधनोपचारानंतरची अवस्था यांत तो वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे केव्हा थांबावे हे जाणणे हाही आपल्याच परंपरेचा भाग आहे. ज्या हाताला थांबणे कळते, त्याच हाताखाली पाठ द्यावी.