विद्युत् सुरक्षा मानके

विद्युत् शक्तीची निर्मिती, प्रेषण, वितरण व वापर यांपासून माणसे, जनावरे व मालमत्ता यांना अपाय होऊ नये म्हणून शासकीय किंवा शासनमान्य संस्थांनी ठरवून दिलेली किमान अंतरे, मूल्ये, रचना व कसोट्या यांना विद्युत् सुरक्षा मानके म्हणतात. भारतात त्यांचे दोन थर आहेत : कायद्याच्या आधाराने केलेले विनियम आणि तज्ञांच्या समित्यांनी तयार केलेली भारतीय मानके. विनियमांचे पालन सक्तीचे असते. मानके मुळात ऐच्छिक असतात. परंतु विनियमात किंवा शासकीय आदेशात त्यांचा निर्देश झाला की तीही बंधनकारक होतात.

भारतीय विद्युत् अधिनियम, १९१० याखाली केलेले १९५६ चे नियम सुमारे अर्धशतक देशभर लागू होते. २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने हे काम केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाकडे आले. प्राधिकरणास राज्य शासनांशी विचारविनिमय करावा लागतो, मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि अंतिम विनियम संसदेपुढे ठेवावे लागतात. या रीतीने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम निघाले व २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. (वीजदर ठरविणारा राज्य नियामक आयोग व हे प्राधिकरण यांची सामान्यतः गल्लत केली जाते.) भारतीय मानके प्रथम १९४७ मध्ये स्थापन झालेली भारतीय मानक संस्था आणि १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो तयार करीत आला आहे. त्याच्या समित्यांवर उत्पादक, ग्राहक, संशोधन संस्था व शासकीय खाती यांचे प्रतिनिधी असून निर्णय शक्यतो सहमतीने होतात.

मानकातील आकडा प्रथम मानवी देहावरून ठरतो. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर प्रयोग केले. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हातातील वाहक सोडणे कठीण होऊ लागते, असे अशा प्रयोगांतून दिसून आले. शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श होताच २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. त्वचा ओली असल्यास रोध आणखी घटतो. म्हणूनच व्यक्तिसंरक्षणासाठी बसवावयाचा गळती-प्रवाह खंडक ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीला पुरवठा तोडणारा असावा लागतो.

दुसरा निकष स्थळाचा आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या शेजारच्या तालुक्यांत त्याची भिन्नभिन्न उदाहरणे थोड्या अंतरात आढळतात. पेणच्या खाडीलगतच्या खारजमिनीत क्षार व ओलावा भरपूर असल्याने जमिनीशी केलेली जोडणी, म्हणजे अर्थिंग, सहज साधते. मात्र त्याच क्षारांनी जमिनीतील लोखंड लवकर गंजते. डोंगराकडील खडकाळ भागात गंज कमी, पण रोध फार. अर्थिंगविषयीच्या भारतीय मानकात (क्र. ३०४३) म्हणूनच मृदेचा विशिष्ट रोध प्रत्यक्ष मोजण्यावर भर आहे.

खांबांवरील तारांच्या बाबतीत मात्र आकडे सरसकट आहेत. रस्ता ओलांडणारी तार कमी व मध्यम दाबाची असल्यास जमिनीपासून किमान ५·८ मी. आणि उच्च दाबाची असल्यास ६·१ मी. उंच असावी, हे १९५६ च्या नियमांतील अंतर २०१० च्या विनियमांतही कायम राहिले. खांबांसाठी सुरक्षा गुणक धातूच्या बाबतीत १·५ व यंत्रनिर्मित काँक्रीटच्या बाबतीत २ असा आहे. तथापि हा गुणक ज्या वाऱ्याच्या दाबाला लावावयाचा तो कोणता, हा खरा प्रश्न असतो. १९५६ च्या नियमांनी तो ठरविणे राज्य शासनावर सोपविले होते. बांधकामांवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकाने २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळांसाठी वाढीव गुणक दिला, तो पूर्व किनारा व गुजरातचा किनारा यांपुरताच. कोकण त्यात नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. मानकातील आकडा पूर्वानुभवावर उभा असतो, ही त्याची मर्यादा येथे स्पष्ट झाली.

रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखाने आहेत. जेथे ज्वालाग्राही वायू वा बाष्प असू शकते अशा जागांचे मानकांत तीन विभाग केलेले आहेत : ते सतत असणारा ‘शून्य’, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून असू शकणारा ‘एक’ आणि क्वचित व अल्पकाळ असणारा ‘दोन’. विभागानुसार ज्वालारोधी किंवा अन्य विशेष रचनेची उपकरणे वापरावी लागतात. अशा कारखान्यांची उच्च दाबाची मांडणी राज्याच्या विद्युत् निरीक्षकाने तपासल्याखेरीज सुरू करता येत नाही.

पेण, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींच्या मूर्तिशाळांनाही लोक कारखानेच म्हणतात. त्यांच्या कामाचा जोर नेमका पावसाळ्यात असतो : ओली जमीन, पंखे, रंगफवारणीची यंत्रे व तात्पुरत्या ओढलेल्या तारा. धोका कमी नसला, तरी दाब कमी असल्याने त्या निरीक्षकाच्या नियमित फेरीत सहसा येत नाहीत. शासनाने अधिसूचित केलेल्या दाबापर्यंतच्या मांडणीची सुरक्षितता मालकाने वा पुरवठादाराने स्वतः प्रमाणित करावी, अशी विनियमांत तरतूद आहे. तेव्हा येथे मानकाची अंमलबजावणी मुख्यतः परवानाधारक ठेकेदार व तारतंत्री यांच्या हाती राहते आणि मीटरच्या पुढील तारांची जबाबदारी ग्राहकावर पडते. अपघात घडल्यास मात्र २४ तासांच्या आत निरीक्षकास सूचना द्यावी लागते. अधिनियमाच्या १६१ व्या कलमाखाली चौकशी होऊन सुरक्षाविषयक तरतुदींचे पालन कितपत झाले होते हे तपासले जाते.